चूळ, चांदी आणि दातांची कीड

औषधाच्या दुकानात टूथपेस्टच्या शेजारी हल्ली निळ्या, हिरव्या, गुलाबी माउथवॉशच्या बाटल्यांची वेगळी फळी असते. पूर्वी दाढ काढली किंवा हिरडीवर शस्त्रक्रिया झाली की डॉक्टर लिहून देत, तेवढ्यापुरती ती बाटली घरात येई. आता ती वाणसामानाच्या यादीत शिरली आहे. जंतू मारा, दात वाचवा, असे जाहिरात सांगते. त्यात तथ्य आहे, पण आहे त्याच्या कितीतरी पट मोठे करून ते विकले जाते. दात किडवणाऱ्या जिवाणूंवर रसायनांचा मारा करावा का, कोणाच्या तोंडात करावा आणि किती दिवस करावा, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटेल. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालानुसार जगात सुमारे २०० कोटी माणसांचे कायमचे दात किडलेले आहेत आणि ५१ कोटींहून अधिक मुलांचे दुधाचे. इतक्या तोंडांत रोज काय ओतायचे, याचा निर्णय जाहिरातींवर सोडून चालणार नाही.

जंतू मारा म्हणणाऱ्यांच्या पाठीशी विज्ञान नाही असे मुळीच नाही. दाढेत अळी असते ही समजूत फार जुनी. सुश्रुतसंहितेतल्या दंतरोगांत कृमिदंतक आहे, आणि भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन कीड पाडून दाखवणारे वैदू आपल्याकडच्या आठवडी बाजारांत अनेकांनी पाहिले असतील. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकी दंतवैद्याने १८९० साली या साऱ्याला वेगळे वळण दिले. तोंडातले जिवाणू गोड आणि पिष्टमय अन्न आंबवतात, त्यातून आम्ल तयार होते आणि ते आम्ल दाताचे कवच विरघळवते, असे त्याने मांडले. १९२४ साली ब्रिटनमध्ये जे. किलियन क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा जिवाणू वेगळा काढला. पुढची कित्येक वर्षे त्याच्याकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. मग उंदरांवरचे प्रयोग आले. १९४६ साली दिसले की पेनिसिलिन दिलेल्या उंदरांचे दात कमी किडतात. १९५४ साली ऑर्लंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्ण जंतुमुक्त वातावरणात वाढवलेल्या उंदरांना भरपूर साखर खाऊ घातली. एकाचाही दात किडला नाही. १९६० साली पॉल कीज यांनी दाखवले की निरोगी दातांच्या हॅमस्टरना किडक्या दातांच्या हॅमस्टरांबरोबर ठेवले की त्यांनाही कीड लागते. म्हणजे कीड हा संसर्ग ठरला. संसर्ग म्हटला की जंतू मारणे ओघाने आलेच.

म्यूटन्स हा त्या आरोपीच्या पिंजऱ्यात शोभणारा जिवाणू आहेही. साखरेपासून तो ग्लुकन नावाचा चिकट पदार्थ तयार करतो आणि त्याच्या आधारे दाताला घट्ट चिकटून बसतो. आम्ल भराभर तयार करतो, आणि ज्या आम्लात शेजारचे जिवाणू गारद होतात त्यात स्वतः मजेत जगतो. लहान बाळाच्या तोंडात तो बहुतेक वेळा आईच्याच तोंडातून येतो. उष्टा चमचा, फुंकर मारून चाटून बघितलेला घास, अशा मायेच्या वाटांनी.

तरीही उंदराच्या पिंजऱ्यातून माणसाच्या तोंडात येताना हा सरळ हिशेब विस्कटतो. पहिली अडचण जागेची. दातावरचे किटण म्हणजे सुटे जंतू नव्हेत. नदीच्या घाटावर जमलेल्या शेवाळासारखा तो थरावर थर असतो. शेवाळावर पाणी ओतून ते जात नाही, घासावे लागते. या थरातले जिवाणू त्याच मात्रेच्या औषधाला सुट्या जिवाणूंपेक्षा कित्येक पट कमी दाद देतात. शिवाय कीड लागते ती दाढांच्या चिरांत आणि दोन दातांच्या फटीत, जिथे चूळ नीट पोहोचतच नाही. दुसरी अडचण त्याहून मूलभूत आहे. म्यूटन्स अनेकांच्या तोंडात असतो आणि त्यांचे दात धडधाकट असतात. उलट काहींच्या किडक्या दातांत म्यूटन्सपेक्षा लॅक्टोबॅसिलस, बिफिडोबॅक्टेरियम, स्कार्डोव्हिया अशी दुसरीच मंडळी जोर धरून असतात. १९९४ साली ब्रिटिश सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ फिलिप मार्श यांनी यावरून मांडणी केली की कीड हा बाहेरून आलेल्या शत्रूचा हल्ला नसून तोंडातल्या नेहमीच्याच वस्तीचा तोल बिघडणे आहे. वारंवार साखर मिळाली की पीएच घसरतो, घसरलेल्या पीएचमध्ये आम्लप्रिय जिवाणू फोफावतात, ते आणखी आम्ल करतात. एका जिवाणूला मारले आणि साखर तशीच ठेवली, तर रिकाम्या जागेवर त्याच वृत्तीचा दुसरा येतो. मला ही मांडणी पटते. पण तिचा अर्थ जंतुनाशके निरुपयोगी आहेत असा काढणे हेही घाईचे होईल.

त्यासाठी क्लोरहेक्सिडिनचे उदाहरण नीट पाहू, कारण दंतवैद्यकात जंतुनाशक गुळणीचे मोजमाप आजही याच रसायनाशी तुलना करून होते. विसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटनच्या इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीजमध्ये ते तयार झाले. १९७० साली लो आणि शिऑट या डेन्मार्कमधल्या संशोधकांनी दाखवले की ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनच्या पाण्याने दिवसातून दोनदा चूळ भरली, तर दात न घासताही किटण धरत नाही. दंतवैद्यांना हा चमत्कार वाटला असेल तर नवल नाही. या रेणूवर धन विद्युतभार असतो. तो दाताच्या पृष्ठभागाला आणि तोंडाच्या अस्तराला चिकटतो आणि पुढचे कित्येक तास हळूहळू सुटत राहतो. हिरड्यांच्या सुजेवर, शस्त्रक्रियेनंतर ब्रश लावता येत नाही तेव्हा, हात थरथरणाऱ्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी, जबडा तारांनी बांधलेल्या रुग्णासाठी हे औषध मोलाचे आहे. याबद्दल मला शंका नाही.

शंका येते ती किडीच्या बाबतीत. किटण कमी झाले म्हणजे कीड कमी झाली, असे आपण गृहीत धरतो. म्यूटन्सवर क्लोरहेक्सिडिनचा परिणाम चांगला होतो खरा, पण उपचार थांबला की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत तो परत जागेवर येतो. लॅक्टोबॅसिलसला तर त्याचे फारसे सोयरसुतकच नसते. २०१५ साली कॉक्रेन या संस्थेने मुलांवर आणि किशोरवयीनांवर झालेले क्लोरहेक्सिडिन जेल आणि व्हार्निशचे प्रयोग एकत्र तपासले. त्याने कीड टळते असे म्हणण्याजोगा पुरावा सापडला नाही, टळत नाही असे म्हणण्याजोगाही नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या तज्ज्ञ समितीने २०११ साली प्रौढांच्या उघड्या पडलेल्या मुळांवरची कीड रोखण्यासाठी क्लोरहेक्सिडिन-थायमॉलचे व्हार्निश दर तीन महिन्यांनी लावण्याला जागा ठेवली, पण किडीसाठी क्लोरहेक्सिडिनची गुळणी मात्र सुचवली नाही. एकच रसायन, दवाखान्यात नेमक्या जागी लावले तर एक निष्कर्ष, घरी तोंडभर खळखळवले तर दुसरा. हा फरक दुकानातल्या फळीवर कुठेच लिहिलेला नसतो.

या गुळणीची किंमत बाटलीवर छापलेल्या रुपयांत संपत नाही. काही आठवड्यांत दात आणि जीभ तपकिरी होतात, खाण्याची चव बदलते, दातांवर टणक दगडी थर वाढतो. क्वचित कोणाला तीव्र ॲलर्जी होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली तसा इशारा दिला आहे. बहुतेक टूथपेस्टमधल्या फेस आणणाऱ्या द्रव्यामुळे या गुळणीचा जोर कमी होतो, म्हणून ब्रश केल्यावर लगेच ती घेऊ नये, निदान अर्धा तास जाऊ द्यावा. घरोघरी नेमके उलटे चालते: ब्रश, चूळ, लगेच गुळणी.

त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट जिभेवर घडते. पालेभाज्या आणि बीट यांतले नायट्रेट जिभेच्या मागच्या भागातले जिवाणू नायट्राइटमध्ये बदलतात, आणि त्यापासून शरीर रक्तवाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड बनवते. लंडनमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९ निरोगी लोकांनी आठवडाभर जंतुनाशक गुळणी केली, तर त्यांचा रक्तदाब २ ते ३.५ अंकांनी चढला. अभ्यास लहान आहे, त्यावरून कोणी घाबरून जाऊ नये. पण तोंडातला प्रत्येक जिवाणू मारण्यासारखा नसतो, एवढे तो पुरेसे स्पष्ट सांगतो. प्रतिरोधाचा मुद्दाही आहेच. प्रयोगशाळेत क्लोरहेक्सिडिनच्या वाढत्या मात्रेची सवय लावलेल्या क्लेब्सिएला जिवाणूंपैकी काही कोलिस्टिनलाही दाद देईनासे झाले. कोलिस्टिन म्हणजे अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांचे अगदी शेवटच्या फळीतले प्रतिजैविक. प्रयोगशाळेतले हे निरीक्षण घरातल्या बाथरूमला जसेच्या तसे लागू होत नाही. तरी ज्या देशात प्रतिजैविके चिठ्ठीविना मिळण्याचे परिणाम आपण रोज भोगतो, तिथे आणखी एका जंतुनाशकाबाबत बेफिकीर राहणे परवडणारे नाही. ०.१२ टक्के क्लोरहेक्सिडिनची गुळणी अमेरिकेत डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळते. आपल्याकडे ०.२ टक्क्यांची बाटली कोणीही उचलून आणतो.

रोजच्या वापराचे काय होते हे पाहायचे तर ट्रायक्लोसान या जंतुनाशकाची गोष्ट आहे. टूथपेस्टमधल्या ट्रायक्लोसानने किटण आणि हिरड्यांची सूज कमी होते, किडीतही थोडी घट होते, हे अभ्यासांतून पुढे आलेले होते. पण तेच द्रव्य साबणापासून स्वयंपाकघरातल्या फळ्यांपर्यंत सगळीकडे घातले गेले. शेवटी २०१६ साली अमेरिकेने हात धुण्याच्या साबणांतून ते हद्दपार केले आणि २०१९ साली तिथल्या बाजारातल्या सर्वांत प्रसिद्ध ट्रायक्लोसान टूथपेस्टनेही ते सोडून स्टॅनस फ्लोराइड धरले. दातांपुरते ते वाईट नव्हते. सगळीकडे ओतले गेले, तिथे घात झाला.

आता दुसरा पक्ष. तो म्हणतो, ही रसायने हवीतच कशाला. कडुनिंबाची काडी, बाभळीची साल, लवंग, त्रिफळा असताना परक्या बाटल्या का? या पक्षाबद्दल मला सहानुभूती आहे, पण ती आंधळी नाही. कडुनिंब, पिलू, ज्येष्ठमध, लवंग यांचे अर्क काचेच्या ताटलीत म्यूटन्सची वाढ रोखतात, हे अनेक प्रयोगशाळांत दिसले आहे. मात्र ताटलीत जिवाणू सुटे असतात आणि अर्क तासन्‌तास त्यांच्यावर राहतो. तोंडात लाळ तो मिनिटभरात धुऊन नेते. काडीने दात घासणाऱ्याला जो फायदा होतो त्यातला मोठा वाटा घासण्याचा असतो. लवंगतेलातल्या युजेनॉलने ठणका शमतो, आणि नेमक्या त्याच कारणाने माणूस दवाखान्यात जायचे टाळतो. कीड आत नसेपर्यंत शांतपणे पोहोचते. त्यात मिश्रीची भर. भाजलेल्या तंबाखूची ही पूड दातांसाठी चांगली असे मानून महाराष्ट्रात आणि गोव्यात किती बायकांनी आयुष्यभर हिरड्यांना चोळली! दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यावर १९९२ सालीच बंदी आली, तरी सवय पुरती मेलेली नाही. परंपरेतले आहे म्हणून निरुपद्रवी, हे गृहीतक इथे जीवघेणे ठरते.

या दोन्ही पक्षांच्या गोंगाटात फ्लोराइड मागे पडते. किडीविरुद्धचे सर्वांत भरवशाचे साधन तेच, कारण त्याचे मुख्य काम जंतू मारणे नाहीच. आम्लाने दातातून गेलेली खनिजे परत बसवायला ते मदत करते. जाता जाता जिवाणूंच्या साखर पचवण्याच्या साखळीतल्या एनोलेज या विकरालाही अडवते. फ्लोराइड टूथपेस्टने मुलांच्या कायमच्या दातांतली कीड सरासरी २४ टक्क्यांनी कमी होते, असे कॉक्रेनच्या २००३च्या आढाव्यात दिसले. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांचे वाचक इथे थांबवतील, आणि त्यांनी थांबवावेच. तिथे विंधन विहिरीच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असल्याने दातांवर पिवळे-तपकिरी डाग आणि हाडांचे विकार दिसतात. अशा गावात पोटात जाणाऱ्या फ्लोराइडचा प्रश्न आधी पाण्याच्या पातळीवर सुटायला हवा. पण त्या कारणाने पुण्या-मुंबईत फ्लोराइड नसलेली पेस्ट शुद्ध म्हणून मिरवणे निरर्थक आहे. आपल्याकडे टूथपेस्टमधल्या फ्लोराइडची मर्यादा दहा लाख भागांत १,००० भाग इतकी आहे. लहान मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट द्यावी आणि थुंकायला शिकवावे, एवढे पुरते.

या साऱ्या यादीत मला सर्वांत जास्त आशा एका कुरूप औषधाकडून आहे: सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड. चांदी जिवाणू मारते, फ्लोराइड दात टणक करते. जपानमध्ये १९७० सालापासून ते वापरात आहे, अमेरिकेने २०१४ साली मान्यता दिली आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. भूल नाही, सुई नाही, ड्रिलची घरघर नाही. कीड लागलेली जागा कोरडी करायची, बारीक ब्रशने थेंब लावायचा, मिनिटभर थांबायचे. दुधाच्या दातांतली सुमारे ८० टक्के कीड अशा उपचाराने जागच्या जागी थांबते, असे अनेक अभ्यास एकत्र करून निघाले आहे. सहा-सहा महिन्यांनी पुन्हा लावले तर परिणाम टिकतो. खोट एकच, पण डोळ्यांत भरणारी. किडलेला भाग कायमचा काळा पडतो. समोरच्या दातावर काळा डाग म्हणजे मुलीचे हसणे बिघडले, असे आईला वाटणारच, आणि तिला अडाणी ठरवण्याचा अधिकार कोणाला नाही. चांदीची ॲलर्जी असलेल्यांना हे चालत नाही. कीड आतल्या नसेपर्यंत पोहोचून ठणका किंवा गळू झाला असेल, तर याने काही साधत नाही, उलट वेळ जातो. आणि हा उपचार गरिबांना स्वस्तात गुंडाळण्याची सबब ठरू नये, ही भीतीही रास्त आहे.

तरी तराजूत घालून पाहा. आपल्याकडे दुधाचे दात पडणारच आहेत म्हणून त्यांच्या किडीकडे बघतच नाहीत. मूल एका बाजूने चावते, रात्री रडते, वजन वाढत नाही. गावापासून दातांचा दवाखाना दूर असतो आणि गेले तरी तीन वर्षांच्या मुलाच्या दाढेत सिमेंट भरणे हे डॉक्टरचीही परीक्षा घेणारे काम. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासतात आणि त्यांच्या तपासणीच्या यादीत दातांचे विकार आहेत. वर्षातून दोनदा म्हणजे सहा महिन्यांचे अंतर; या औषधाला नेमके तेच हवे आहे. पथकात दंतवैद्य नसतो हे खरे. पण न्यूयॉर्कच्या शाळांतल्या मोठ्या अभ्यासात प्रशिक्षित परिचारिकांनी हे औषध लावले तेव्हा त्यांचा निकाल दंतकर्मचाऱ्यांच्या तोडीचा निघाला. आपल्या परिचारिकांना ते जमणार नाही असे मानण्याचे कारण मला दिसत नाही.

नव्या वाटा बऱ्याच आहेत आणि त्या वाचायला रोचक आहेत. फिनलंडमधल्या तुर्कू शहरातल्या सत्तरच्या दशकातल्या अभ्यासांनी झायलिटॉल या साखरेच्या पर्यायाला प्रसिद्धी दिली. पुढच्या पुराव्यांनी तो उत्साह बराच खाली आणला. टूथपेस्टमध्ये अर्जिनिन घालून चांगल्या जिवाणूंना आम्ल शमवणारा अमोनिया तयार करायला लावणे, ही कल्पना मला विशेष आवडते, कारण त्यात मारामारी कमी आणि मशागत जास्त आहे. फक्त म्यूटन्सलाच टिपणारे पेप्टाइड कॅलिफोर्नियात तयार झाले, माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत गेले आणि बाजारात मात्र अजून पोहोचलेले नाही. यांपैकी कशाचीही वाट पाहत दात घासणे थांबवण्यासारखी स्थिती नाही.

आणि एक गोष्ट या चर्चेत हमखास सुटते. दाढ ठणकली की दुकानातून प्रतिजैविकाच्या गोळ्या आणून तीन दिवस खाणे, ही आपली खरी जंतुनाशक चैन आहे. किडीने नस सुजली असेल तर गोळीने ती बरी होत नाही; दाढ उघडून साफ करावी लागते किंवा काढावी लागते. ताप, चेहऱ्यावर पसरणारी सूज, तोंड उघडता न येणे अशा वेळी प्रतिजैविक लागते, आणि ते डॉक्टरने ठरवायचे असते. गुळणीच्या बाटलीपेक्षा या गोळ्यांनी होणारे नुकसान कितीतरी मोठे आहे.

तर कौल काय द्यावा? निरोगी माणसाने रोज जंतुनाशक गुळणी करण्याला माझा विरोध आहे. फायदा सिद्ध नाही आणि किंमत मात्र आहे. ज्याला गरज आहे त्याला, नेमक्या जागी, ठरावीक दिवस आणि दंतवैद्याच्या देखरेखीखाली जंतुनाशक जरूर द्यावे: तोंडाच्या कर्करोगावर किरणोपचार झाल्याने लाळ आटलेले रुग्ण, मुळे उघडी पडलेले वृद्ध, दातांवर तारा बसवलेली आणि सतत कीड लागणारी मुले. पण साखरेचा हिशेब न बदलता यातले काहीच टिकणार नाही. गोड तोंडात गेले की काही मिनिटांत किटणातला पीएच ५.५ च्या खाली जातो आणि सावरायला अर्धा ते एक तास घेतो. दिवसातून सहा वेळा गोड चहा आणि त्यासोबत बिस्किट घेणाऱ्याच्या दातांना सावरायला सवडच मिळत नाही. ऊसपट्ट्यात राहून हे लिहिणे लोकप्रिय नाही, याची कल्पना आहे.

राज्याच्या आरोग्य खात्याला दोनच विनंत्या आहेत. ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनच्या बाटलीवर 'दंतवैद्याच्या सल्ल्याविना दोन आठवड्यांहून अधिक वापरू नका' असे ठळक मराठीत छापले जावे, यासाठी केंद्राकडे पाठपुरावा करा. आणि सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडची खरेदी करून, काळ्या डागाची पूर्ण कल्पना देऊन आणि पालकांची संमती घेऊन, एखाद्या आदिवासी जिल्ह्यातल्या अंगणवाड्यांत दोन वर्षे ते वापरून पाहा आणि निष्कर्ष जाहीर करा.